त्रासदायक स्वभावगुणांचा आराखडा कसा मोजायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

संशयी, उतावळा, एकलकोंडा, हट्टी, कांगावखोर, चिडका, हळवा, आतल्या गाठीचा. स्वभावाचं वर्णन करायला मराठीत शब्दांची कमी नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे. यातले कोणते गुण एकमेकांच्या सोबतीने येतात? संशयी माणसं सहसा एकलकोंडीही असतात का? उतावळेपणा आणि दुसऱ्याला फसवण्याची वृत्ती एकाच मुळातून येतात की दोन वेगळ्या? अशा गुणांची मोट कशी बांधली जाते, ते आकड्यांतून शोधणं म्हणजे आराखडा मोजणं. मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या, प्रबंधासाठी हा विषय घेतलेल्या आणि घटक विश्लेषण, म्हणजे फॅक्टर अ‍ॅनालिसिस, पहिल्यांदाच करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण मोजतो तो आराखडा माणसामाणसांमधल्या फरकांचा असतो, एका माणसाच्या मनाच्या आतला नसतो. उंची आणि वजनाचं उदाहरण घ्या. शंभर लोक मोजले तर उंच माणसं साधारणपणे जास्त वजनाची निघतात, म्हणजे दोन्हींचा सहसंबंध आहे. पण एखाद्याचं वजन पाच किलो वाढलं म्हणून त्याची उंची वाढत नाही. तसंच, 'अलिप्तता' हा घटक, म्हणजे एकत्र येणाऱ्या गुणांचा गट, तुमच्या विश्लेषणात निघाला म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात अलिप्ततेचा एक कप्पा आहे, असं होत नाही. मी वाचलेल्या प्रबंधांत सगळ्यात जास्त वेळा चूक इथेच झालेली असते, आणि तीही शेवटच्या प्रकरणात, आकडेमोड सगळी बरोबर आल्यानंतर.

आधी साधन समजून घ्या

या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीआयडी-५ (पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी फॉर डीएसएम-५). रॉबर्ट क्रूगर आणि सहकाऱ्यांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात २२० विधानं आहेत आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण मिळतात. या विधानांतून २५ उपगुण मोजले जातात आणि त्यांच्यावर पाच मोठी क्षेत्रं उभी राहतात: नकारात्मक भावनिकता, अलिप्तता, वैरभाव, संयमाचा अभाव आणि सायकोटिसिझम, म्हणजे विचार-अनुभवांतला विक्षिप्तपणा.

ती का जन्माला आली, हे ठाऊक असलं तर पुढचं सोपं जातं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानाच्या पुस्तकात व्यक्तिमत्त्व विकारांचे दहा साचे आहेत. प्रत्यक्षात एकाच रुग्णाला दोन-तीन साचे लागू पडत, आणि पुष्कळांना एकही धड बसत नसे. म्हणून डीएसएम-५ तयार करणाऱ्या गटाने साच्यांऐवजी गुण मोजायचं ठरवलं. सुरुवातीला ३७ उपगुणांची यादी होती. माहिती गोळा करून विश्लेषण केल्यावर त्यातून २५ उरले. डिसेंबर २०१२ मध्ये संघटनेच्या विश्वस्तांनी जुने साचेच मुख्य भागात ठेवायचं ठरवलं, आणि नवं प्रारूप २०१३ च्या पुस्तकात तिसऱ्या विभागात, 'पर्यायी प्रारूप' म्हणून गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातही पाच क्षेत्रं आहेत, पण ती हीच पाच नाहीत. तिथे सायकोटिसिझम नाही, कारण स्किझोटायपल विकार त्या वर्गीकरणात स्किझोफ्रेनियाच्या गटात मोडतो. त्याच्या जागी अनॅन्कास्टिया आहे, म्हणजे नियम, नीटनेटकेपणा आणि परिपूर्णतेचा ताठर आग्रह. पीआयडी-५ मध्ये हा विषय मुख्यतः दोन उपगुणांत येतो, 'ताठर परिपूर्णतावाद' आणि 'एकाच गोष्टीला चिकटून राहणं', त्यामुळे त्याचं स्वतंत्र क्षेत्र होत नाही. आणि आयसीडी-११ साठी २०१८ मध्ये ६० विधानांची प्रश्नावली आली, तेव्हा अनॅन्कास्टिया आणि संयमाचा अभाव ही दोन क्षेत्रं एकाच घटकाची दोन टोकं म्हणून निघाली, म्हणजे पाचाचे चार झाले.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतेय. माणसं तीच असली तरी विचारलेल्या गोष्टी बदलल्या की आराखडा बदलतो. एखाद्या विषयावर दोनच विधानं विचारली तर त्याचा घटक निघणार नाही. वीस विचारली तर हमखास निघेल. म्हणून 'माझ्या नमुन्यात चार घटक निघाले' असं लिहिण्याआधी तुम्ही काय विचारलं होतं आणि काय विचारलंच नव्हतं, याची यादी समोर ठेवा.

नवख्यांनी २२० विधानांच्या मागे लागू नये. लोक दमतात आणि शेवटची साठ-सत्तर विधानं न वाचताच भरतात. १०० विधानांची लघु आवृत्ती आहे. तिच्यात प्रत्येक उपगुणाला चार विधानं येतात आणि पंचवीसही उपगुण शाबूत राहतात. आराखडा बघायचा असेल तर हीच घ्या. २५ विधानांची अतिलघु आवृत्ती चाळणीसाठी ठीक आहे, पण तिच्यात उपगुणच मोजले जात नाहीत.

मराठीत आणताना

हा टप्पा लोक दोन दिवसांत उरकतात. इथे दोन महिने गेले तरी ते वाया गेले असं समजू नका.

हक्कधारकांची लेखी परवानगी आधी घ्या. मग दोन जणांकडून स्वतंत्रपणे अनुवाद, त्यांचा मेळ, तिसऱ्याकडून उलट अनुवाद, म्हणजे मराठीतून पुन्हा इंग्रजीत, ही नेहमीची वाट आहेच. पण उलट अनुवाद बरोबर आला म्हणजे मराठी विधान चांगलं झालं, असं मात्र नाही. शब्दशः केलेल्या बोजड अनुवादाचा उलट अनुवाद सगळ्यात अचूक येतो.

मराठीची खरी अडचण क्रियापदात आहे. इंग्रजीत 'मी' ला लिंग नाही. मराठीत वर्तमानकाळात 'मी लोकांना टाळतो' किंवा 'मी लोकांना टाळते' असंच म्हणावं लागतं. ही अडचण चुकवायला अनुवादक 'मला लोकांना टाळावंसं वाटतं' असं लिहितात. इथे वागणुकीबद्दलचं विधान इच्छेबद्दलचं झालं. टाळावंसं वाटणारे पुष्कळ असतात, खरोखर टाळणारे कमी. दुसरी पळवाट याहून वाईट आहे: 'माझ्याकडून खोटं बोललं जातं'. त्यातला हेतूच निघून गेला, आणि वैरभावाच्या क्षेत्रात हेतू हाच तर गाभा आहे. भविष्यकाळात लिंग दिसत नाही ('गरज पडली तर मी खोटं बोलेन'), पण मग सवयीचं विधान जर-तरचं होतं. 'मी लोकांना फसवलं आहे' यातही बोलणाऱ्याचं लिंग लपतं, पण ते आयुष्यात एकदा फसवणाऱ्यालाही लागू पडतं.

माझा सल्ला: सरळ 'टाळतो/टाळते' असं पूर्ण रूप लिहा. वाचायला थोडं अडखळतं, पण अर्थ शाबूत राहतो. पुरुषांचा आणि स्त्रियांचा असे दोन वेगळे फॉर्म करू नका. नंतर गुणांत फरक आला तर तो माणसांचा की शब्दांचा, हे सांगता येणार नाही.

उत्तरांच्या पर्यायांकडेही बघा. मूळ मापन 'खरं-खोटं' या शब्दांत आहे. मराठीत 'खोटं' म्हटलं की आरोप केल्यासारखा सूर लागतो, आणि 'काही अंशी असत्य' असं कुणी बोलत नाही. 'मला अजिबात लागू नाही, फारसं लागू नाही, काहीसं लागू, अगदी लागू' ही शिडी लोकांना लगेच कळते. बदल करणार असाल तर परवानगीच्या पत्रात त्याचा उल्लेख हवा आणि प्रबंधातही.

मग आठ-दहा जणांना समोर बसवा. त्यांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि 'हे वाचून मनात काय आलं?' एवढंच विचारा. वय, शिक्षण आणि गाव वेगवेगळं असू द्या. असामान्य अनुभवांची विधानं इथे हमखास अडतात. ज्या घरात अंगात येणं किंवा दृष्ट लागणं हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे, तिथला माणूस अशा विधानाला 'अगदी लागू' म्हणेल, त्यात विक्षिप्तपणा काही नसेल. तीच गत दुसऱ्याच्या कलाने निर्णय घेण्याच्या विधानांची. थोरांना विचारून ठरवणं हे एका घरात वळण असतं, तर दुसऱ्या घरात दबलेपणाची खूण. या नोंदी जपून ठेवा. पुढे एखादा उपगुण भलत्याच घटकावर जाऊन बसला, की त्याचं कारण बहुतेकदा याच वहीत सापडतं.

कुणाकडून आणि किती

किमान ३०० आणि जमल्यास ५००, असं मी सांगते. हा नियम नाही, अंदाज आहे. उपगुणांची मापनं चांगली असतील आणि प्रत्येक घटकावर चार-पाच उपगुण ठळकपणे येत असतील, तर कमी नमुनाही पुरतो. तसं नसेल तर ५०० ही अपुरे पडतात.

फक्त आपल्याच महाविद्यालयातले विद्यार्थी घेतले तर वैरभावाचे गुण तळाला चिकटतात. बहुतेक जण शून्य किंवा एक निवडतात आणि फरकच उरत नाही. फरक नसला की सहसंबंध नाही, आणि सहसंबंध नसला की आराखडा नाही. वेगवेगळी वयं आणि व्यवसाय घ्या. शक्य असेल तर योग्य परवानगीने बाह्यरुग्ण विभागातले लोकही घ्या.

नैतिक समितीची मंजुरी अर्थातच आधी. पीआयडी-५ मध्ये नैराश्याच्या उपगुणात जगणं नकोसं वाटण्याबद्दल विधानं आहेत. ती वाचून कुणी अस्वस्थ होऊ शकतं. फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक द्या, आणि अशा विधानांना वरचे गुण देणाऱ्यांशी कोण, कसा संपर्क साधणार, हे फॉर्म वाटण्याआधी ठरवा. फॉर्म निनावी असेल तर तो संपर्क शक्य नाही, हेही समजून घेऊनच निनावी ठेवा. कुणालाही त्याचे गुण 'निदान' म्हणून सांगू नका.

माहिती स्वच्छ करणं

पीआयडी-५ च्या २२० विधानांत १६ उलट गुणांची आहेत. तुमच्या आवृत्तीत त्यातली कोणती आली ते गुणांकन पत्रकावरून तपासा आणि त्यांचे गुण उलटवा, म्हणजे ० चा ३, १ चा २. माझ्या पहिल्या विश्लेषणात मी हे विसरले होते. विधानांच्या पातळीवर एक सुंदर, स्वतंत्र घटक निघाला, त्याला मी नावही दिलं, आणि तीन दिवसांनी लक्षात आलं की त्यातली सगळी विधानं फक्त उलट्या मांडणीची होती.

एखाद्या उपगुणातली २५ टक्क्यांपेक्षा जास्त विधानं रिकामी असतील तर त्या व्यक्तीचा तो उपगुण काढू नका. मधे एक-दोन 'या विधानाला काहीसं लागू निवडा' अशी तपासणीची विधानं टाकलेली असली तर निष्काळजी फॉर्म सापडतात. भरायला लागलेला वेळ आणि सलग एकच पर्याय किती वेळा आला, हेही बघा. हे फॉर्म केवळ गोंधळ वाढवतात असं नाही. सगळीकडे शून्य भरणारे वीस जण आणि सगळीकडे तीन भरणारे दहा जण नमुन्यात राहिले, तर प्रत्येक गुण प्रत्येक गुणाशी जोडलेला दिसू लागतो आणि 'एकच मोठा घटक आहे' असा खोटा निष्कर्ष निघतो.

यानंतर प्रत्येक उपगुणाची सरासरी काढा. आता ३०० ओळी आणि २५ रकाने झाले. नवख्यांनी या २५ रकान्यांवरच काम करावं. विधानांच्या पातळीवर जायचं असेल तर उत्तरं चारच पायऱ्यांची असल्याने पॉलिकोरिक, म्हणजे अशा पायऱ्यांच्या उत्तरांसाठीचे, सहसंबंध लागतात, आणि त्यांना नमुनाही मोठा लागतो.

किती घटक?

जामोव्ही किंवा जास्प ही मोफत सॉफ्टवेअर घ्या, किंवा आर या संगणकीय भाषेतलं विल्यम रेव्हेल यांचं सायक पॅकेज. एसपीएसएस वापरणार असाल तर त्याच्या तयार निवडी बदला. ते आपणहून प्रिन्सिपल कंपोनंट पद्धत घेतं आणि ज्यांचं आयगेनमूल्य, म्हणजे घटकाने टिपलेल्या फरकाचं माप, १ पेक्षा मोठं आहे तेवढे घटक काढतं. पहिली पद्धत सामाईक फरक आणि मापनातली चूक वेगळी करत नाही, आणि दुसरा नियम गरजेपेक्षा जास्त घटक देतो.

त्याऐवजी जॉन हॉर्न यांनी १९६५ मध्ये मांडलेलं समांतर विश्लेषण करा. कल्पना साधी आहे. तुमच्याएवढ्याच ओळी-रकान्यांची पण निव्वळ यादृच्छिक आकड्यांची माहिती संगणक पुन्हा पुन्हा तयार करतो आणि तिची आयगेनमूल्यं काढतो. तुमचा घटक या निव्वळ योगायोगापेक्षा मोठा असेल तरच ठेवायचा. समजा तुमची पहिली सहा मूल्यं ८.१, २.९, १.९, १.५, १.३ आणि १.१ आली, आणि योगायोगाची साधारण १.६, १.५, १.४, १.३५, १.२९ आणि १.२३. जुन्या नियमाने सहा घटक झाले असते. इथे सहावा गळतो, आणि पाचवा जेमतेम टिकतो. त्या जेमतेमपणाची नोंद करा. चार आणि पाच, दोन्ही उत्तरं काढून वाचा.

फिरवणं आणि वाचणं

घटकांना फिरवताना, म्हणजे चित्र वाचायला सोपं व्हावं म्हणून त्यांचे अक्ष वळवताना, व्हॅरिमॅक्स ही पद्धत निवडू नका. ती घटकांना एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र मानते, आणि त्रासदायक गुण तसे कधीच नसतात. ऑब्लिमिनसारखी तिरकी पद्धत घ्या, म्हणजे घटकांमधले सहसंबंधही हाती येतील.

मग पॅटर्न मॅट्रिक्स छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. त्यातले आकडे म्हणजे भार: कोणता उपगुण कोणत्या घटकाशी किती जोडलेला आहे, ते सांगणारे. ०.४० च्या वरचे भार अधोरेखित करा. विलगतेची असुरक्षितता, चिंताग्रस्तता आणि भावनिक अस्थिरता एकत्र आली तर ती नकारात्मक भावनिकता. माघार, आनंदाचा अभाव आणि जवळीक टाळणं म्हणजे अलिप्तता. लबाडी, फसवेगिरी आणि बडेजाव म्हणजे वैरभाव. या क्षेत्रांच्या गुणांकनात प्रत्येकी हे तीनच उपगुण का घेतले जातात, ते इथे कळतं: बाकीचे दोन-दोन घटकांवर पाय ठेवून असतात.

या दुटप्पी उपगुणांना घाबरू नका. वैरवृत्तीचा चिडखोरपणा नकारात्मक भावनिकतेवरही बसतो आणि वैरभावावरही, कारण चिडण्यात दुखावलेपण असतं आणि हल्लाही. नैराश्य भावनिकतेवर आणि अलिप्ततेवर विभागलं जातं. 'नीट बसत नाही' म्हणून असे उपगुण काढून टाकणारे विद्यार्थी मी पाहिलेत. तसं करू नका. माणसांचे स्वभाव जिथे एकमेकांत मिसळतात, तीच जागा तुम्ही पुसून टाकता.

याच टप्प्यावर एक वेगळी कसरत जरूर करा. लुइस गोल्डबर्ग यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने आधी एक घटक काढा, मग दोन, तीन, चार, पाच, आणि प्रत्येक पातळीचे घटकगुण, म्हणजे प्रत्येक व्यक्तीला त्या घटकावर मिळालेले गुण, वरच्या पातळीशी ताडून बघा. पीआयडी-५ वर एडन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे केलं तेव्हा दोनच्या पातळीवर आत वळणारा त्रास आणि बाहेर पडणारा त्रास वेगळे झाले. तीनवर अलिप्तता सुटी झाली, चारवर बाहेर पडणाऱ्या त्रासाचे वैरभाव आणि संयमाचा अभाव असे दोन फाटे फुटले, आणि पाचवर सायकोटिसिझम वेगळा झाला. झाडाच्या फांद्यांसारखं हे चित्र एकदा बघितलं की 'खरे घटक किती?' या प्रश्नाची धार कमी होते. चार आणि पाच ही एकाच झाडाची दोन उंचींवरून घेतलेली चित्रं आहेत.

सगळ्यात वरच्या एका घटकाबद्दल मात्र सावध राहा. तो एकूण त्रासाची तीव्रता दाखवत असेल, किंवा स्वतःबद्दल वाईट बोलायला न कचरण्याची वृत्तीही दाखवत असेल. फक्त स्वतः भरलेल्या फॉर्मवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. जवळच्या माणसानेही तेच फॉर्म भरून दिले तर थोडं कळतं.

पुष्टी करताना

ज्या माहितीतून आराखडा काढला, तिच्यावरच पुष्टीकारक विश्लेषण, म्हणजे आधी ठरवलेला आराखडा माहितीशी जुळतो का याची तपासणी, करून 'आराखडा सिद्ध झाला' म्हणू नका. नमुना मोठा असेल तर आधीच दोन भाग करा. प्रत्येक उपगुण एकाच क्षेत्रावर बांधणारं प्रारूप बहुधा नीट जुळणार नाही, कारण दुटप्पी भार खरे आहेत. तेव्हा सॉफ्टवेअर सुचवेल त्या चुकांच्या जोड्या एकेक करून जोडत बसण्यापेक्षा सर्व भार मोकळे ठेवणारं ईएसईएम (एक्स्प्लोरेटरी स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग) वापरा. प्रारूप माहितीशी किती जुळतं ते दाखवणाऱ्या निर्देशांकांच्या, सीएफआय ०.९५ आणि आरएमएसईए ०.०६, या मर्यादा १९९९ च्या सिम्युलेशन अभ्यासातून आल्या आहेत. त्या मार्गदर्शक आहेत, निकाल नव्हेत.

दोन गटांची तुलना करायची असेल, उदाहरणार्थ मराठी आणि इंग्रजी फॉर्म भरणाऱ्यांची, तर आधी मापनाची समानता तपासा: रचना तीच आहे का, भार तेच आहेत का, आणि गुण समान असलेली दोन माणसं विधानाला सारखंच उत्तर देतात का. तिसरी पायरी टिकली नाही तर सरासऱ्यांची तुलना करू नका. असामान्य अनुभवांचा उपगुण इथेच अडकेल असं वाटत असेल, तर मघाची वही काढा.

अहवालात २५ ओळींचं पूर्ण कोष्टक द्या, ०.३० खालचे भारही न लपवता. घटकांमधले सहसंबंध, समांतर विश्लेषणाची दोन्ही मूल्यं, वगळलेल्या फॉर्मची संख्या आणि कारणं द्या. मापनाची विश्वसनीयता दाखवायला अल्फाबरोबर ओमेगाही द्या. आणि मराठी विधानांत केलेला प्रत्येक बदल परिशिष्टात मांडा, कारण तुमच्या नंतर हे काम हाती घेणारा विद्यार्थी सगळ्यात आधी तेच पान उघडणार आहे.